भत्ता घरच्या तिजोरीतून, वर्गणी उत्पन्नाच्या मापाने
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या अंकात युरोपियन युनियनच्या सामायिक अर्थसंकल्पाची ओळख करून दिली होती. सत्तावीस देश वर्गणी काढतात आणि त्यातून शेती, मागास भागांचा विकास, संशोधन अशा कामांवर खर्च होतो. हा सगळा व्यवहार त्या देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या साधारण एक टक्का असतो. त्यावर आलेल्या पत्रांत बेरोजगारीचा खर्च आणि ही वर्गणी यांची गल्लत वारंवार दिसली. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : एखाद्या देशात बेरोजगारी वाढली, तर भत्त्याचा बोजा युनियन उचलते का? आणि त्या देशाची वर्गणी कमी होते का? (सांगली)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. जर्मनीतल्या बेरोजगाराला जर्मनी भत्ता देते, स्पेनमधल्याला स्पेन. २०१३ साली स्पेनमध्ये काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे एकाहून अधिक माणूस रिकामा होता, तेव्हाही तो भत्ता माद्रिदच्याच तिजोरीतून गेला. युनियनच्या अर्थसंकल्पात रोजगाराशी थेट नाते असलेले दोन निधी आहेत. युरोपीय सामाजिक निधीत २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी सुमारे ९९ अब्ज युरो आहेत आणि ते मुख्यतः प्रशिक्षण, तरुणांना पहिली नोकरी, वंचितांना आधार अशा योजनांना जातात. दुसरा, जागतिकीकरण समायोजन निधी, त्या मानाने अगदी लहान आहे. सर्वसाधारणपणे किमान २०० कामगार एका झटक्यात कमी झाले, तर देशाला त्यातून मदत मागता येते आणि ती त्या कामगारांना नव्या कामाला लावण्यासाठी असते. दरमहा मिळणारा नेहमीचा बेरोजगारी भत्ता या दोन्हींतून दिला जात नाही.

वर्गणीचे उत्तर जरा सावकाश समजून घ्यावे लागेल. युनियनचे उत्पन्न चार वाटांनी येते. पहिली वाट सीमाशुल्काची. दुसरी मूल्यवर्धित कराची : प्रत्येक देशाचा कराचा पाया एका समान पद्धतीने मोजतात आणि त्यावर ०.३ टक्के घेतात. हा पाया देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त धरत नाहीत. तिसरी वाट २०२१ पासूनची, पुनर्वापरात न गेलेल्या प्लास्टिक वेष्टनांच्या कचऱ्यावरची. चौथी आणि सर्वांत मोठी वाट म्हणजे सकल राष्ट्रीय उत्पन्नावरची वर्गणी, आणि खरा हिशेब इथे आहे. युनियनला तुटीचा अर्थसंकल्प करायला तिच्या मूळ करारानेच मनाई आहे. त्यामुळे आधी खर्च ठरतो, त्यातून पहिल्या तीन वाटांची जमा वजा होते आणि उरलेला खड्डा सगळे देश आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात भरतात.

आता बेरोजगारी यात कुठे बसते? बेरोजगारांचा आकडा या सूत्रात कुठेच नाही. भत्त्याची रक्कमही नाही, कारण भत्ता हे नवे उत्पादन नव्हे. एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातलेला पैसा राष्ट्रीय उत्पन्नात मोजत नाहीत. बेरोजगारीमुळे उत्पादन घटले आणि त्यामुळे राष्ट्रीय उत्पन्न घटले, तरच वर्गणीवर परिणाम होतो. तोही इतर देशांच्या तुलनेत घटले तर. २००९ किंवा २०२० सारखी मंदी सगळ्यांवर एकदम आली, की सगळ्यांचे उत्पन्न खाली जाते, पण वाटे जवळपास तेच राहतात आणि भरायचा खड्डाही तेवढाच राहतो. म्हणजे घरी भत्त्याचा खर्च वाढलेला, कर आटलेला आणि वर्गणी मात्र चालूच, अशी कोंडी होते.

वेळेचाही एक फरक पडतो. वर्गणी आधी अंदाजावर घेतात. वर्ष सुरू होण्यापूर्वी राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज बांधतात, त्यावरून वर्षाची रक्कम ठरते आणि तिचा बारावा हिस्सा दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी युरोपीय आयोगाच्या, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळाच्या, खात्यावर जमा करायचा असतो. उशीर झाला तर व्याज लागते, आणि जितके महिने उशीर तितका व्याजाचा दर चढत जातो. प्रत्यक्ष आकडे नंतर येतात आणि मग मागच्या वर्षांचा फरक वळता होतो. ज्या वर्षी कारखाने बंद पडले, त्याच वर्षी वर्गणीत सवलत मिळेल, ही अपेक्षा धरू नये.

प्रश्न : २०१४ मध्ये ब्रिटनला अचानक दोन अब्ज युरोंहून मोठे बिल आले होते. अर्थव्यवस्था सुधारल्याची ती शिक्षा होती, असे तेव्हा वाचले होते. खरे काय? (ठाणे)

शिक्षा नव्हती, जुन्या हिशेबाची दुरुस्ती होती. पण ‘चांगले काम केले म्हणून दंड’ हे वाक्य इतके सोपे होते की तेच लोकांच्या डोक्यात बसले.

एक छोटा हिशेब मांडू. समजा, तीनच देश आहेत. त्यांचे राष्ट्रीय उत्पन्न अनुक्रमे १०,००० कोटी, ६,००० कोटी आणि ४,००० कोटी. सामायिक खर्चासाठी २०० कोटी हवेत. एकूण उत्पन्न २०,००० कोटी, म्हणजे प्रत्येकाने एक टक्का द्यायचा : १०० कोटी, ६० कोटी आणि ४० कोटी. काही काळाने पहिल्या देशाच्या सांख्यिकी खात्याला कळले, की आपण काही व्यवहार मोजलेच नव्हते आणि खरे उत्पन्न ११,००० कोटी होते. एकूण झाले २१,००० कोटी. खर्च तेवढाच, २०० कोटी. नव्या वाटणीत पहिल्याचे १०४.७६ कोटी, दुसऱ्याचे ५७.१४ कोटी आणि तिसऱ्याचे ३८.१० कोटी. पहिल्याने पावणेपाच कोटी जास्त भरायचे आणि तेच पैसे उरलेल्या दोघांना परत मिळायचे. ब्रसेल्सच्या, म्हणजे युनियनच्या, पदरात यातला एक पैसाही वाढीव पडत नाही. ही दुरुस्ती एका वर्षाची. अशी दहा-बारा वर्षे एकदम उघडली, की आकडा केवढा होईल ते बघा.

२०१४ मध्ये तेच झाले. एरवी एखाद्या वर्षाचे उत्पन्न चार वर्षे दुरुस्त करता येते, मग ते वर्ष बंद होते. पण ज्या मुद्द्यांवर आयोगाने हरकत नोंदवून ठेवलेली असते, ते मुद्दे त्यानंतरही उघडे राहतात. अशा हरकती निकाली निघाल्या आणि २००२ पासूनची वर्षे पुन्हा मोजली गेली. ब्रिटनच्या वाट्याला सुमारे २१० कोटी युरो, म्हणजे त्या वेळचे १७० कोटी पौंड आले. नेदरलँड्सला ६४ कोटी युरो भरायचे होते. कर्जात बुडालेल्या ग्रीसलाही थोडी रक्कम निघाली. फ्रान्सला सुमारे १०० कोटी आणि जर्मनीला ७८ कोटी परत मिळायचे होते.

मुदत होती १ डिसेंबर २०१४. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी त्या दिवशी पैसे देणार नाही, असे जाहीर केले. शेवटी नियमातच बदल करून पुढच्या सप्टेंबरपर्यंत बिनव्याजी मुदत दिली गेली आणि ब्रिटनने २०१५ मध्ये रक्कम भरली. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ‘बिल निम्मे झाले’ असे सांगितले. ते ८५ कोटी पौंड कमी झाले, कारण १९८४ पासून ब्रिटनला निव्वळ वर्गणीच्या दोन-तृतीयांश सवलत मिळत होती आणि ती या वाढीव रकमेलाही लागू पडली. बिल तेच होते, त्यातून नेहमीची सवलत वजा केली होती.

याची दुसरी बाजू आयर्लंडमध्ये दिसते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आणि मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्याने जुलै २०१६ मध्ये आदल्या वर्षाची वाढ २६.३ टक्के जाहीर झाली. डब्लिनच्या रस्त्यावरच्या माणसाचा पगार त्या वर्षी काही सव्वापट झाला नव्हता. पण सूत्र मोजलेल्या राष्ट्रीय उत्पन्नावर चालते, त्यामुळे वर्गणीही चढली. आयर्लंडने नंतर देशांतर्गत वापरासाठी एक सुधारित निर्देशांक काढला, पण युनियनची वर्गणी मूळ आकड्यावरच ठरते. या पद्धतीवरचा आमचा मुख्य आक्षेप इथेच आहे : माप सगळ्यांना एकच लावले आहे, पण ते ऐपतच मोजते असे दर वेळी म्हणता येत नाही.

प्रश्न : एका बेरोजगार माणसामागे सरकारला नक्की किती फटका बसतो? भत्त्याएवढाच ना? (नागपूर)

भत्ता हा त्यातला दिसणारा भाग. जर्मनीचे उदाहरण घेऊ, कारण तिथे प्रत्येक कप्पा वेगळा दिसतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण बरोबर आहे.

महिना ४,००० युरो पगाराचा, एकटा राहणारा कामगार. कर आणि विमा कापून हातात साधारण २,६०० येतात. बेरोजगारी विम्याचा दर पगाराच्या २.६ टक्के, निम्मा मालकाकडून आणि निम्मा कामगाराकडून. म्हणजे न्यूर्नबर्गच्या संघीय रोजगार संस्थेला या माणसामागे महिना १०४ युरो मिळत होते. नोकरी गेली की भत्ता हातातल्या पगाराच्या ६० टक्के (मूल असेल तर ६७) : सुमारे १,५६०.

पण संस्थेचा खर्च इथे थांबत नाही. बेरोजगाराचा निवृत्तिवेतनाचा हप्ताही तीच भरते, जुन्या पगाराच्या ८० टक्क्यांवर. ३,२०० वर १८.६ टक्के म्हणजे ५९५ युरो. आरोग्य आणि शुश्रूषा विम्याचे आणखी साडेसहाशेच्या आसपास. बेरीज २,८०० च्या घरात जाते. इकडे प्राप्तिकराचे सव्वापाचशे-साडेपाचशे युरो बुडाले आणि विम्याचे १०४ बुडाले. निवृत्तिवेतन निधीला आधी ७४४ मिळत होते, आता ५९५ मिळतात, तिथेही दीडशेची तूट. शिवाय तो माणूस बाजारात कमी खर्च करणार, म्हणून मूल्यवर्धित कर घटणार. सगळे धरून महिन्याला साडेतीन हजारांचा खड्डा पडतो, आणि दिसणारा भत्ता त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

म्हणूनच जर्मनी मंदीत कामगार काढण्याऐवजी कामाचे तास कमी करायला पैसे देते. कंपनी तास घटवते आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० किंवा ६७ टक्के संस्था भरते. चांगल्या वर्षांत साठवलेली गंगाजळी त्यासाठीच असते. २०१९ अखेर ती सुमारे २६ अब्ज युरो होती. कोविडमध्ये एप्रिल २०२० ला साठ लाखांच्या आसपास कामगार या योजनेत आले, गंगाजळी आटली आणि संघीय सरकारला भर घालावी लागली.

प्रश्न : मग कोविडमध्ये युनियनने शंभर अब्ज युरो वाटले ते कशासाठी? (छत्रपती संभाजीनगर)

वाटले नाहीत, उसने दिले. ‘शुअर’ नावाची ती योजना २०२० मध्ये उभी केली आणि २०२२ अखेर बंद केली. आयोगाने बाजारातून कर्ज काढायचे आणि ते सदस्य देशांना द्यायचे, त्यातून त्यांनी कमी तासांच्या कामाचा पगार भरायचा, अशी रचना होती. एकोणीस देशांनी मिळून ९८.४ अब्ज युरो घेतले. इटलीने सर्वाधिक, २७.४ अब्ज, त्याखालोखाल स्पेनने २१.३ अब्ज. फायदा व्याजदराचा, कारण आयोगाची पत इटलीपेक्षा चांगली. मुद्दल मात्र ज्याचे त्याने फेडायचे. यामागे सदस्य देशांनी २५ अब्जांची हमी दिली होती. बेरोजगारीचा खर्च सामायिक करण्याच्या दिशेने युनियनने टाकलेले हे आजवरचे सर्वांत मोठे पाऊल, आणि तेही कर्जाचेच.

प्रश्न : प्लास्टिकवरचा कर कंपन्या भरतात की ग्राहक? (रत्नागिरी)

युनियनला तो सरकारे भरतात. पुनर्वापरात न गेलेल्या प्लास्टिक वेष्टनांच्या कचऱ्यावर किलोला ८० सेंट, आकडेवारीवरून मोजून. हा पैसा कुणाकडून काढायचा ते प्रत्येक देश ठरवतो. स्पेनने जानेवारी २०२३ पासून किलोला ४५ सेंटचा वेगळा कर लावला. बरेच देश सरळ तिजोरीतून देतात.

प्रश्न : सीमाशुल्क भरणाऱ्यांत नेदरलँड्स अगदी वरच्या क्रमांकावर दिसते. एवढासा देश! महाराष्ट्रही देशात सर्वाधिक कर ‘देतो’ म्हणतात. तुलना योग्य आहे का? (पुणे)

तुलना योग्य आहे, आणि दोन्हीकडे चूकही एकाच प्रकारची होते.

न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर रॉटरडॅमला उतरला आणि त्यावर १,००० युरो शुल्क लागले, असे धरा. डच सरकार ते गोळा करते, वसुलीचा खर्च म्हणून २५० स्वतःकडे ठेवते आणि ७५० युनियनला पाठवते. पण माल कदाचित म्युनिकच्या दुकानात जाणार असतो आणि शुल्काचा भार तिथल्या ग्राहकावर पडणार असतो. म्हणून कोणता देश किती देतो आणि किती घेतो याचा हिशेब करताना आयोग सीमाशुल्क बाजूला ठेवतो. ते धरले, तर नेदरलँड्सच्या नावावर अर्ध्या युरोपचा पैसा चढेल.

मुंबईत भरल्या जाणाऱ्या प्राप्तिकराचेही तसेच. कंपनीचे मुख्य कार्यालय नरिमन पॉइंटला, कारखाना झारखंडात आणि गिऱ्हाईक देशभर. कर मात्र मुंबईच्या खात्यात दिसतो. महाराष्ट्राची उत्पादकता मोठी आहे हे खरेच, पण मुंबईतल्या कर-वसुलीचा आकडा म्हणजे महाराष्ट्राने दिलेला पैसा, असे म्हणता येत नाही.

मूळ रचनाही उलट आहे. युरोपात राज्ये वर पैसा पाठवतात. आपल्याकडे केंद्र कर गोळा करते आणि खाली वाटते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी विभाज्य करांचा, म्हणजे केंद्राने राज्यांशी वाटून घ्यायच्या करांचा, ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि त्यात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के, गोव्याला ०.३८६ टक्के, उत्तर प्रदेशला १७.९३९ टक्के. त्या वाटणीच्या निकषांत सर्वाधिक भार, ४५ टक्के, उत्पन्नातल्या अंतराला होता : राज्य जितके गरीब, तितका वाटा मोठा. उपकर आणि अधिभार मात्र विभाज्य करांत धरत नाहीत. महाराष्ट्राची तक्रार मांडायची, तर वसुलीच्या आकड्यापेक्षा या मुद्द्यावर मांडावी.

प्रश्न : मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, कंपनीत कपात सुरू आहे. नेदरलँड्सला गेला तर जर्मनीचा भत्ता मिळेल का? भारतात परतला तर? (नाशिक)

आधी जर्मनीतली कामे. नोकरी संपायच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात ‘काम शोधतो आहे’ अशी नोंद करावी. त्याहून उशिरा कळले, तर कळल्यापासून तीन दिवसांत. ही नोंद चुकली की एका आठवड्याचा भत्ता जातो. मग बेरोजगार म्हणून वेगळी नोंद, फार तर पहिल्या रिकाम्या दिवशी. हक्कासाठी मागच्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला हवा. बारा महिन्यांवर सहा महिने भत्ता, चोवीस महिन्यांवर बारा महिने.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्वतःहून राजीनामा देणे किंवा कंपनीने पुढे केलेल्या परस्परसंमतीच्या करारावर घाईने सही करणे. त्यात बारा आठवडे भत्ता रोखला जाऊ शकतो आणि एकूण मुदतही कापली जाते. सही करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला तो कागद दाखवावा.

नेदरलँड्सबाबत दोन फॉर्म ध्यानात ठेवा. ‘यू-१’ म्हणजे जर्मनीत किती काळ विमा भरला याचा दाखला. नव्या देशात नोकरी करून पुढे कधी बेरोजगार झाला, तर हा काळ तिथे जमेस धरतात. भारतीय नागरिकालाही तो लागू आहे, पण डेन्मार्क त्या नियमात नाही. हा दाखला जर्मनी सोडण्याआधीच काढावा. ‘यू-२’ म्हणजे जर्मनीचा भत्ता दुसऱ्या देशात नेण्याची परवानगी. त्यासाठी साधारणपणे आधी चार आठवडे जर्मन कार्यालयात नोंद असावी लागते, नव्या देशात सात दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि भत्ता तीन महिने मिळतो, वाढवून मिळाल्यास सहा. पण भारतीय पासपोर्टधारकाचे घोडे इथेच अडते : नेदरलँड्समध्ये काम शोधायचा कायदेशीर हक्क असेल तरच तिथे नोंद होते, आणि जर्मन परवान्याने तो आपोआप मिळत नाही. नोकरी गेल्यावर परवान्याचे काय होते ते मुलाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात वेगळे विचारावे.

भारतात परतल्यावर भत्ता मिळत नाही. मात्र उरलेला हक्क लगेच बुडत नाही. हक्क निर्माण झाल्यापासून चार वर्षांच्या आत जर्मनीत परत जाऊन नोंद केली, तर तो पुढे चालू करता येतो.

प्रश्न : आपल्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर बेरोजगारांसाठी असतो असे ऐकले. खरे आहे? (कोल्हापूर)

खरे आहे. आपल्याकडच्या फार थोड्या नोकरदारांना ते माहीत असते. १९७२ च्या दुष्काळात वाढलेली रोजगार हमी योजना कायमची चालवायला पैसा हवा, म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने हा कर लावला. योजनेचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. व्यवसाय कर आणि आणखी काही करांचा पैसा रोजगार हमी निधीत जातो आणि राज्य त्यात तेवढीच भर घालते, अशी त्याची रचना आहे. शहरातल्या पगारदाराने ग्रामीण भागात काम मागणाऱ्याची मजुरी द्यायची, हा विचार केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे.

पैसा आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाने तरतूद केल्यावर रोजगार हमी निधीत वळतो. तेव्हा वसूल किती झाला आणि वळवला किती, हे पाहायचे, तर अर्थसंकल्पात नियोजन विभागाच्या मागण्या उघडाव्यात.

घटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल घातली आहे. पगाराच्या पावतीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० दिसतात ते त्यामुळेच : अकरा महिन्यांचे २,२०० आणि वर ३००. महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तो लागत नाही. स्वतःचा व्यवसाय असेल, तर नावनोंदणी करून वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे. दुकानात करपात्र पगाराचा एक जरी नोकर असेल, तरी मालक म्हणून दुसरी, वेगळी नोंदणी लागते. लहान दुकानदार इथेच चुकतात : स्वतःचा कर नेमाने भरतात, नोकराच्या पगारातून कापायचा राहून जातो आणि काही वर्षांनी तो व्याजासकट मालकाच्याच अंगावर येतो.